नाकाबंदीत गाडी अडवली, आता काय? बाईक चालवणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं असं

बदलापूर : पावसाळा लागला की कोंडेश्वर आणि बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बाईकची रांग लागते. एरवीही अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळीला जाणारी, उल्हासनगरच्या बाजारात माल पोचवणारी, कॉलेजला जाणारी गावातली पोरं रोज याच रस्त्याने असतात. पुढे नाकाबंदी दिसली की निम्मी पोरं गाडी वळवतात. कुणी उलट दिशेने पळतं आणि समोरून येणाऱ्या डंपरच्या तोंडी जातं. दंड वाचवायला जीव टांगणीला लावायचा, असा हा प्रकार आहे. भीती बहुतेक वेळा माहिती नसल्याची असते.

आधी हद्द समजून घ्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. वांगणीच्या बाजूला गेलं की ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. तिसरं खातं आरटीओचं. आपल्या एमएच ०५ गाड्यांचं कार्यालय कल्याणला आहे आणि त्यांचं वायुवेग पथक रस्त्यावर उभं राहून गाड्या तपासतं. टेम्पो, रिक्षा, पिकअप यांचं फिटनेस, परमिट, जादा माल हे मुख्यतः तेच बघतात. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं. भाड्याने पिकअप चालवणारा पोरगा ही तारीख मालकाला विचारत नाही आणि पकडला गेला की रस्त्यावर तोच उभा राहतो.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. सोबत आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात, केंद्राने २०१८ मध्येच नियमात तशी तरतूद केली. पण गॅलरीत काढून ठेवलेला आरसीचा फोटो चालत नाही. पोरं नेमका तोच दाखवतात आणि मग हुज्जत सुरू होते. कोंडेश्वरकडे रेंज जाते, म्हणून घरून निघतानाच ॲप उघडून ठेवलेलं बरं.

गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात लिहिलेला नाही. गाडी ताब्यात घेण्याचा मात्र आहे, कलम २०७ खाली. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, वय बसत नसेल, गाडीची नोंदणी किंवा परमिट नसेल तर गाडी जमा होऊ शकते. कागदपत्रं दाखवून ती सोडवता येते. दंड मान्य नसेल तर जागेवर भांडण्यात अर्थ नाही, न्यायालयात जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आता गाडीची तपासणी. पोलीस सगळ्यात आधी नंबरप्लेट बघतो. ४१४१ चं ‘दादा’ आणि ८०५५ चं ‘बॉस’ करून मिरवणाऱ्यांना लांबूनच ओळखतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, एवढाच दर आहे. फॅन्सी प्लेटला पोरं यापेक्षा जास्त मोजतात! मग सायलेन्सर. उल्हासनगरच्या कॅम्पात काय मिळत नाही? फटाके फोडणारा सायलेन्सरही मिळतो. पण आवाजाच्या नियमाचा भंग झाला तर कलम १९० खाली प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. काढून ठेवलेले आरसे, बंद इंडिकेटर, न लागणारा ब्रेक लाईट, गुळगुळीत झालेला टायर या गोष्टींसाठीही दंड होतो आणि नाकाबंदी असो नसो, काटई रस्त्यावर रात्री मागून येणाऱ्या ट्रकला ब्रेक लाईटच दिसतो.

दंडाचे नवे दर राज्यात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. लायसन्स नसेल तर ५,००० रुपये. इन्शुरन्स नसेल तर २,०००, दुसऱ्यांदा ४,०००. हेल्मेट नसेल तर ५०० आणि लायसन्सही निलंबित होऊ शकतं. लर्निंग लायसन्स सहा महिनेच चालतं आणि त्यावर मागे फक्त शिकवणारा लायसन्सधारक बसू शकतो, मित्र नाही. पुढेमागे लाल ‘एल’ लावायचा असतो. गावात हा ‘एल’ फारसा दिसत नाही.

या सगळ्यात इन्शुरन्सची बाब सगळ्यात गंभीर, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष असतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. पाच वर्षं कुणी बघत नाही, आणि तो संपला हे अपघात झाल्यावर कळतं. समोरचा माणूस गेला तर भरपाईची रक्कम लाखांत जाते आणि विमा नसेल तर ती मालकाच्या मालमत्तेतून वसूल होते. मालक म्हणजे बहुतेक घरात बाप. म्हणजे वावर. विमा असला पण पोराकडे लायसन्स नसलं, तर कंपनी आधी पैसे भरून नंतर मालकाकडून वसूल करू शकते. जुनी गाडी विकून नाव न बदलणाऱ्यांनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की नोंद ज्याच्या नावावर, मालक तोच.

अठराच्या आतल्या पोराला गाडी देणाऱ्या पालकांसाठी कलम १९९अ आहे. २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाच्या बापालाही अटक झाली होती. दूध घालायला जाणारं स्प्लेंडरवरचं पोर असलं तरी कलम हेच.

चलान ऑनलाइन येतं. ते महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहनच्या सरकारी साईटवर गाडी नंबर टाकून बघा. फोटोत गाडी आपली नसेल तर तिथेच तक्रार करता येते. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाईल आली तर ती उघडू नका, त्याने बँक खातं रिकामं होतं. सरकार चलानासाठी एपीके पाठवत नाही.

राहिली चिरीमिरी. ‘मामा, जरा बघा ना’ इथून पोरंच सुरुवात करतात हेही खरं. २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४.