तुळशीच्या कुंडीनं अडवलं

सिडनीतलं आमचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं आणि परसातला पोहण्याचा तलाव आडवा आला. न्यू साउथ वेल्समध्ये ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी मावणारा घरगुती तलाव सरकारी नोंदवहीत नोंदवावा लागतो. मुलांचा फुगवायचा हौदही त्या मापाचा असला तर सुटत नाही. भाडेकरू ठेवायचा तर सुरक्षेचं प्रमाणपत्रही हवं.

नोंदणी ऑनलाइन चुटकीसरशी झाली. खरी परीक्षा कुंपणाची! उंची किमान १.२ मीटर, खालची फट फार तर १० सेंटिमीटर. फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं.

तपासनिसानं फाटक वीतभर उघडून सोडलं. ते हळूच परत आलं, पण कडी काही लागली नाही. बिजागरीची स्प्रिंग ढिली झाली होती. मग त्यानं कुंपणालगतच्या आईच्या तुळशीकडे बोट दाखवलं. कुंडीवर पाय ठेवून लहान मूल सहज पलीकडे जाईल, म्हणाला.

आई आधी फुरंगटली. मग नातवाला कुंडीशेजारी उभं करून पाहिलं आणि काही न बोलता तुळस स्वतःच उचलून अंगणात नेली.

स्प्रिंगही दुरुस्त केली आणि प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळालं. फाटकाची कडी मात्र मी अजून रोज तपासते.