घाटकोपरच्या खोलीतला शांत कोपरा : मुलांच्या ध्वनिमुद्रणासाठी घरच्या घरी काय करावे



आपल्या भागात असं घर विरळा की ज्यातला एक तरी माणूस मुंबईला नाही. कोणी माथाडी कामाला गेला, कोणी गिरणीत लागला, आणि पुढे घाटकोपर, भांडूप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा उपनगरांत त्यांचे संसार उभे राहिले. त्यांची मुले आता 'पॉडकास्ट' करू लागली आहेत. हे काय नवीन, असे पुष्कळजण विचारतात. नवीन फारसे काही नाही. रेडिओवर जसा बोलका कार्यक्रम लागतो तसाच हा, फक्त ठरलेल्या वेळी लागत नाही. मोबाईलवर ठेवलेला असतो, आपण सवडीने ऐकायचा. शब्द २००४ सालचा. मुंबईला रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा बोलणाऱ्याला स्टुडिओत जावे लागे. आज सातवीतली पोरगी पलंगावर बसून तेच करते. स्टुडिओ मात्र बरोबर येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

माझी नात अशीच सातवीत आहे. गेल्या वर्षी आमचे थोरले बंधू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे घाटकोपरला महिनाभर राहिले. तिने त्यांना बोलतं केलं. गुऱ्हाळाचे दिवस, शेअर गोळा करायला सायकलीवर हिंडणं, गव्हाणीत टाकलेली पहिली मोळी, सगळं दीड तास. मोबाईल टेबलावर, वर पंखा, दार उघडं, पलीकडे कुकर. ज्येष्ठात बंधू गेले. आता ते मुद्रण लावलं की आवाज त्यांचाच येतो, पण डब्यातून आल्यासारखा. शेअरसाठी बैल विकला हे कळतं. कितीला विकला तो आकडा मात्र लोकलखाली गेला. आता तो सांगणारं घरात कोणी उरलं नाही. त्यानंतर पोरीनं विचारलं, "आबा, खोली शांत कशी करायची?" दिवाळीत आठ दिवस राहून आम्ही दोघांनी जे केलं आणि जाणत्यांना विचारून जे समजून घेतलं, ते इथे देतो.

पहिली गोष्ट, आवाजाचे त्रास दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, बाहेरचा आवाज आत येणे. दुसरा, आपलाच आवाज भिंतींवर आपटून परत येणे, म्हणजे घुमणे. रिकाम्या विहिरीत हाक मारली की घुमते, तसेच उघड्या भिंतींच्या आणि गुळगुळीत फरशीच्या खोलीत होते. आपला कान ते घुमणे मनातल्या मनात गाळतो. मोबाईल गाळत नाही.

बाहेरच्या आवाजाला अडवायचे तर जड भिंत आणि बंद फटी लागतात. पाणी जसे बांधाच्या एका भगदाडातून सगळे निघून जाते, तसा आवाज खिडकीच्या चार बोटे फटीतून येतो. म्हणून खिडकी नीट लावणे, दाराखाली जुने धोतर दाबून बसवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पण घाटकोपरला लोकल आहे, २०१४ पासून वर्सोव्याकडची मेट्रो आहे, आणि विमानतळावर उतरणारी विमाने डोक्यावरून जातात. लोकलचा धडधडाट फरशीतून आणि भिंतीतून येतो. तो चाळीत किंवा फ्लॅटमध्ये अडवता येत नाही. त्याच्यावर पैसे घालवू नयेत. (याच घाटकोपरच्या चिराग नगरात आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे राहत आणि लिहीत. त्यांना कोणी शांत खोली दिली नव्हती. पण लेखणीला आवाज ऐकू येत नाही, मोबाईलला येतो.)

जो आवाज अडत नाही त्याची वेळ चुकवायची. नातीने आठवडाभर वहीत टिपून ठेवलं : दुपारी दोन ते चार इमारत झोपलेली, पाचला पोरं खाली क्रिकेटला, सातला सगळ्या मजल्यांवर कुकर. रविवारी मध्य रेल्वेचा माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला आणि जवळच्या रुळांवरून गाड्या जाणार नसल्या, तर फारच उत्तम. अख्खी मुंबई मेगाब्लॉकला शिव्या देते, आमच्या घरात एकटी ही पोरगी त्याची वाट पाहते. विमान आले तर बोलणे थांबवायचे, जाऊ द्यायचे, आणि ते वाक्य पहिल्यापासून परत म्हणायचे. मधला तुकडा नंतर कापता येतो. वाक्याच्या पोटात विमान शिरले तर कापता येत नाही.

आता घुमण्याचे औषध, आणि इथे आपला ऊस येतो. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात सेलोटेक्स नावाच्या कंपनीने उसाच्या चिपाडापासून, म्हणजे आपल्या बगॅसपासून, फळ्या बनवायला सुरुवात केली. त्यांना बारीक भोके पाडून 'अकॉस्टी-सेलोटेक्स' नावाने आवाज शोषण्यासाठी विकले. जी चिपाडं आपण बॉयलरला घालतो, तीच तिकडे भिंतीला लावली गेली. यामागचे कारण सोपे आहे. चिपाडाच्या तंतूंमध्ये हवा असते. आवाज म्हणजे हलती हवा. ती तंतूंत शिरली की घासते, तिचा जोर उष्णतेत मुरतो, आणि परत फिरायला काही उरत नाही. याचा अर्थ गाडीच्या टपावर चिपाडाचे पोते टाकून मुंबईला न्यावे असा मात्र नाही. साठवून बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा आजार होतो.

तंतू आणि हवा दोन्ही असलेली दुसरी वस्तू प्रत्येकाच्या घरी आहे : वाकळ. जुन्या लुगड्यांची, जाड, चार-सहा थरांची. आम्ही खोलीच्या कोपऱ्यात दोन दोऱ्या बांधल्या आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंना वाकळा टांगल्या. त्या भिंतीला चिकटवू नयेत, वीतभर अंतर सोडावे. भिंतीपाशी हवा जवळजवळ हलतच नाही, थोडी दूर जास्त हलते, म्हणून तीच वाकळ तिथे जास्त काम करते. खाली सतरंजी, टेबलावर टॉवेल. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलले तरी चालते. कपाटात शिरून दार लावून घेऊ मात्र देऊ नये. मुंबईच्या उकाड्यात पोर गुदमरेल.

वाकळ बारीक आवाज चांगले शोषते, जाडे शोषत नाही. 'स', 'श' यांची लाट काही बोटांची असते, तर लोकलच्या घरघराटाची लाट तीन-चार मीटर लांब. त्याला वाकळ म्हणजे हत्तीला शेवरीचं कुंपण. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावतात, त्यांनी बाहेरचा आवाज अजिबात अडत नाही. झुरळं मात्र येतात. स्वस्त फोमही नको. तो भडकन पेटतो आणि धूर विषारी असतो.

पण सगळ्यात मोठा गुण फुकटचा आहे : जवळ येणे. तोंड आणि मोबाईल यांतले अंतर निम्मे केले की आवाजाची ताकद चौपट पोचते, आणि खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. बंधूंचा मोबाईल चार हात लांब होता. वीतभरावर असता तर कदाचित तो आकडा आज ऐकू आला असता. मोबाईल तोंडासमोर सरळ धरू नये, थोडा बाजूला धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर त्यात जात नाही.

सुरू करण्याआधी पंखा बंद, फोन विमान मोडवर, फ्रिज बंद. फ्रिज परत लावायचा विसरतो, म्हणून घराच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात. बाहेर निघताना आपोआप आठवण होते. सूनबाईंनी ही युक्ती ऐकून कपाळाला हात लावला, पण दूध एकदाही नासलं नाही. शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज मुद्रित करून ठेवावा. तुकडे जोडताना मधली फट भरायला तो लागतो. मग इयरफोनने लगेच ऐकून पाहावे, पाहुणे अजून बसलेले असतानाच.

पोरांना एवढे सांगून ठेवावे की कार्यक्रमात शाळेचे नाव, इमारत, घर नंबर बोलायचा नाही, आणि ज्याला बोलते करायचे त्याला आधी विचारायचे. कोणी मध्येच "हे नको ठेवू" म्हणाले तर ते पुसायचे.

संक्रांतीला नात गावी आली होती. गावाकडे लोकल नाही, पण ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि त्यावरची गाणी कारखान्याच्या गेटापर्यंत. आम्ही आतल्या माजघरात बसलो. धान्याची पोती, वर वाकळांची चळत, एकच लहान झरोका. तिने टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाली, हा तर तयार स्टुडिओ आहे. मग आमच्या आत्याबाईंना, वय नव्वदच्या पुढे, समोर बसवलं. मोबाईल वीतभरावर धरला. पहिला प्रश्न तिने बैलाचाच विचारला. आत्याबाईंना किंमत आठवत नव्हती, पण बैलाचं नाव आठवत होतं.