आठ पौंडांची गिटार

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तिथल्या एका साध्या घरात १९६३च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी इलेक्ट्रिक गिटार बांधायला घेतली. कारण अगदी मध्यमवर्गीय होते. दुकानातली फेंडर परवडण्यासारखी नव्हती. हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, हातात कसब असलेले. विकत घेण्यापेक्षा करून पाहू, असे म्हणणारे बाप आपल्याकडेही एके काळी पुष्कळ होते. घरातला रेडिओ उघडून बसलेले माझे वडील मला आजही आठवतात.

सामान कुठून आले ते पाहण्यासारखे आहे. गिटारची मान निघाली एका जुन्या फायरप्लेसवरच्या महोगनीच्या फळीतून. तिला कीड लागली होती. ती भोके बापलेकांनी काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. मधला ओकचा तुकडा जुन्या टेबलाचा. पट्टीवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. सूर लववण्याच्या दांड्याचे टोक तिच्याच विणकामाच्या सुईचे! (या माउलीला डब्यातल्या बटणांविषयी कुणी विचारले होते की नाही, कोण जाणे.)

तो दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात, सोडला की पुन्हा सुरात यायला हव्यात. बाजारातल्या गिटारींची इथेच पंचाईत होई. दांडा सोडल्यावर तारा थोड्या बेसूरच राहत. दोष घर्षणाचा, हे या दोघांनी ओळखले. तराजूची दांडी धारेवर तोललेली असते, तसा त्यांनी तारा धरणारा भाग पोलादी धारेवर तोलला आणि तारांच्या ताणाला तोल म्हणून जुन्या पँथर मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा बसवल्या.

आता पोटाविषयी. साध्या गिटारचा आवाज पोकळ पेटीतून येतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळ्यातून येतो, तसाच. भरीव इलेक्ट्रिक गिटारला पेटीची गरज नसते. तारांखालचे लोहचुंबक आणि त्यांभोवतीची तांब्याची वेटोळी त्यांचे कंपन विजेत उतरवतात. या गिटारमध्ये दोन्हींचा मेळ आहे, मधोमध भरीव ठोकळा आणि बाजूंना पोकळ्या. गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर गेला की जी किंचाळी उठते, ती आपल्याला नको असते. ब्रायनला मात्र तीच हवी होती, पण लगाम घातलेली. स्पीकरचा आवाज गिटारच्या अंगात शिरावा, तारेने पुन्हा थरथरावे आणि सूर लांबत जावा, यासाठी त्या पोकळ्या होत्या.

पिकअपही आधी घरीच केले, पण तार आडवी ओढली की खरखर येई. मग बर्न्स कंपनीचे तीन आणले आणि नको ती शिट्टी बंद व्हावी म्हणून त्यांत अरल्डाइट भरले. प्रत्येक पिकअपला दोन बटणे: एक चालू-बंद करण्याचे, दुसरे त्याची लहर उलटी करण्याचे. दोन लहरी एकमेकींना छेदू लागल्या की आवाज पातळ, अनुनासिक होतो; जुळल्या की भरदार. एवढ्यावर केवढे रंग काढता येतात! सुमारे दोन वर्षे काम चालले. एकूण खर्च आठ पौंड.

पुढे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, ब्रायनला भेटला आणि ‘क्वीन’ उभे राहिले. गंमत अशी, की ज्यांनी ती गिटार बांधायला हात लावला, त्याच हॅरल्डना मुलाचे ते वाजवणे रुचेना. खगोलशास्त्रातली डॉक्टरेट अर्धवट टाकून पोरगा बँडमागे लागला! बापलेकांत मोठा दुरावा आला. मला यात हॅरल्डचा राग मुळीच येत नाही. ज्याने मुलासाठी दोन वर्षे लाकूड तासले, त्याला मुलाच्या भाकरीची काळजी वाटणारच.

१९७७मध्ये ब्रायनने आईवडिलांना न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाला नेले, तेही कॉन्कॉर्डने. या विमानाच्या उतरण्याच्या यंत्रणेवर हॅरल्डनी नोकरीत काम केले होते, पण त्यात बसण्याचा योग आला नव्हता. त्या रात्री त्यांनी गच्च भरलेल्या सभागृहात फेल्टमची गिटार ऐकली, आणि त्यांचा विरोध मावळला.

डॉक्टरेट ब्रायनने २००७मध्ये पुरी केली. तोवर हॅरल्ड हयात नव्हते.