काशाचा चमचा, कोरियातला

कोरियात भात चमच्याने खातात. काड्या असतात, पण त्या भाजी-लोणच्यासाठी. चीन-जपानात वाटी उचलून तोंडाशी नेतात. इथे ती खालीच राहते, उचलणं अशिष्ट समजतात. मग तिथून भात, आणि त्याहून अवघड म्हणजे रस्सा, तोंडापर्यंत आणायचा कशाने? तर या चमच्याने, सुत्काराकने. दांडी लांब, सडपातळ, जवळजवळ सपाट. तोंड गोल आणि उथळ. माझी लेक सुवॉनला असते. तिच्याकडे तो हातात घेतला तेव्हा माझ्यातला भांडेवाला म्हणाला, ह्यात आमटी ती किती मावणार? पण भात रश्श्यात कालवून खायचा तर एवढंच तोंड बरं.

घरोघरी आता स्टीलच. मला रस जुन्या चमच्यात. तो काशाचा: 78 भाग तांबं, 22 भाग कथील. आम्ही कासार, हे प्रमाण आम्हाला पाठ. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी साधारण याच मिश्रणाची. कथील इतकं असलं की गार असताना ठोकलं तर तडकतं. म्हणून लाल तापवायचं, ठोकायचं, पुन्हा भट्टीत. सोलच्या दक्षिणेचं आन्सॉंग काशाच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. परंपरा जुनी आहे. 523 साली वारलेल्या मुर्यॉंग राजाची कबर 1971 मध्ये कोंगजूला सापडली, तिच्यातही ब्राँझचे चमचे आणि काड्या निघाल्या.

मग कासं मागे का पडलं? दुसऱ्या महायुद्धात जपानी राजवटीने लोकांच्या घरातली भांडी ओढून नेली. पुढे चुलीत कोळशाच्या विटा जळू लागल्या, त्यांच्या वायूने कासं काळं पडे, आणि रोज घासायला बसणार कोण? स्टील आलं ते राहिलंच. आमच्या दुकानातही स्टीलनेच पितळेला हटवलं, पण ते कल्हईवाला मिळेनासा झाला म्हणून.

रीती थोड्याच, पण पाळतात. घरातल्या थोरल्याने चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी हात लावायचा नाही. काड्या आणि चमचा एकाच हातात धरायचे नाहीत. आणि भातात चमचा उभा खोचून ठेवायचा तर नाहीच. तसा तो पितरांपुढे ठेवलेल्या भातात खोचतात.

आपल्याला अडतं ते उष्ट्यापाशी. टेबलाच्या मधोमध किमचीचं चिगे, म्हणजे तिथला रस्सा, रटरटत असतं आणि चौघांचे चमचे त्याच भांड्यात. हल्ली वेगळ्या वाट्या देतात, करोनानंतर जरा जास्तच, तरी घरच्या माणसांत जुनी सवय टिकून आहे. आमच्या हिने पहिल्यांदा हात आखडता घेतला. लेक म्हणाली, "आई, उकळतंय ते, उष्टं कसलं!" सोवळ्याच्या कुठल्याही हिशेबात हे बसत नाही. पण हिने चमचा घातला, आणि दुसऱ्या घासाला मला म्हणाली, "आंबटपणा आमसुलाचा नाही हो, निराळाच आहे."