तीस टक्के म्हणजे किती माणसं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘अक्रोड-बदाम खा, हृदयविकार तीस टक्क्यांनी टाळा’ अशी कात्रणं आमच्या जोहे गावात हातोहात फिरत असतात. गाव गणपतीच्या कारखान्यांचं. दिवसदिवस एका जागी बसून मूर्तींची आखणी करायची, मध्ये चार वेळा गोड चहा. चाळिशीतच साखर निघते. साखर निघाली की पुढची भीती हृदयाची, आणि ती खोटी नाही. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून हे ‘तीस टक्के’ नीट पाहायला हवेत. मी बी.ए. झालेला कवी, डॉक्टर नाही. पण आकडा कुठून आला, हे कुणीही विचारू शकतो.

तो आला स्पेनमधून. ‘प्रेडिमेड’ नावाच्या चाचणीत 7447 माणसं घेतली होती, जवळजवळ निम्मी मधुमेही. एका गटाला ऑलिव्हचं तेल, दुसऱ्याला अक्रोड-बदामासारखा सुकामेवा, तिसऱ्याला चरबी कमी खाण्याचा सल्ला. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. ही चिठ्ठीच सगळ्याचा प्राण आहे. माणसाला स्वतः निवडू दिलं, तर अक्रोड घेणारा बहुधा खिशाने बरा, सकाळी फिरणारा, विडी न ओढणारा निघतो आणि श्रेय मात्र अक्रोडाला जातं.

2013 साली निकाल छापून आला, जगभर गाजला. 2017 मध्ये जॉन कार्लाइल या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञाने पाच हजारांवर चाचण्यांचे आकडे तपासले. खरोखर चिठ्ठ्या टाकल्या असतील, तर सुरुवातीला गटांची वयं-वजनं जितपत जुळायला हवीत तितपतच जुळतात का, एवढंच तो बघत होता. प्रेडिमेड त्यात अडकली. मग उघड झालं, की एका घरातल्या दुसऱ्या माणसाला चिठ्ठी न टाकताच पहिल्याच्या गटात घातलं होतं आणि एका केंद्रावर तर अख्खे दवाखानेच एकेका गटात टाकले होते.

यात बिघडलं काय? आमच्याकडचं उदाहरण घ्या. नवा रंग टिकतो का, हे बघायचं आहे. एका कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींना नवा रंग दिला, दुसऱ्यातल्या सगळ्यांना जुना. पहिला कारखाना सावलीत, दुसरा रस्त्यालगत धुळीत. फरक दिसला, तर तो रंगाचा की जागेचा? मूर्ती शंभर असल्या, तरी तुलना खरी दोन कारखान्यांचीच झाली.

2018 च्या जूनमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने मूळ लेख मागे घेतला आणि सुधारून पुन्हा छापला. आकडे फारसे हलले नाहीत, भाषा मात्र नरमली. ‘आहारामुळे धोका घटला’ याऐवजी ‘त्या गटात प्रमाण कमी आढळलं’.

आता ते तीस टक्के. साध्या गटात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे 11 जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अशा कारणाने मृत्यू आला. तेल आणि सुकामेव्याच्या गटांत सुमारे 8 जणांना. म्हणजे हजारातली तीन माणसं. तीन जीव थोडे नव्हेत, पण ‘तीस टक्के’ वाचताना डोळ्यांसमोर शंभरातले तीस येतात. आणि तिन्ही आजारांची मोट सोडवली, तर स्पष्ट फरक एकट्या पक्षाघातातच दिसला. झटक्यातला फरक निव्वळ योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. कात्रणावर मात्र हृदयाचं चित्र!

फक्त मधुमेहींची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, ‘लुक अहेड’. 5145 स्थूल माणसं, आहार आणि व्यायामाची कडक शिस्त. वर्षभरात वजन सरासरी 8.6 टक्के उतरलं. पण झटके अपेक्षेपेक्षा इतके कमी आले, की मोजायच्या घटनांच्या यादीत छातीदुखीमुळे दवाखान्यात दाखल होणंही मागाहून घालावं लागलं. साडेनऊ वर्षांनंतर घटना 403 विरुद्ध 418. फरक नाही, म्हणून 2012 मध्ये चाचणी थांबवली. वजन उतरवणं व्यर्थ, असा याचा अर्थ कुणी काढू नये; त्या लोकांची साखर सुधारली, औषधं कमी लागली. पण अक्रोडाच्या भरवशावर गोळी बंद करणाऱ्याने हे आकडे जरूर वाचावेत.

मुळात माणूस काय खातो, हे मोजणंच अवघड. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. ते आयुष्यभर सांगत राहिले, की निरोगी माणसाचं खाणंही रोज कमीजास्त होतं. एका दिवसाच्या ताटावरून त्याला उपाशी ठरवू नका. आमच्याकडे तर श्रावणातलं ताट वेगळं, रमजानमधलं वेगळं, पावसाळ्यात सुकी मासळी, नारळी पौर्णिमेनंतर ताजी. ‘गेल्या आठवड्यात काय खाल्लंत?’ या प्रश्नाचं उत्तर कोण खरं देणार?

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादची गोष्ट याहून गंभीर. तिथल्या आहारचाचण्या 1992 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. संख्याशास्त्रज्ञांनी आधीच्या चाचणीचे आकडे तपासले, तेव्हा आकड्यांची ठेवण संशयास्पद निघाली. 2005 मध्ये दोन्ही नियतकालिकांनी शंका जाहीर छापल्या. मूळ कागद मागितले, तर ते वाळवीने खाल्ले असं उत्तर आलं. कोकणातल्या माणसाला वाळवी काय ते माहीत आहे, पण लाखो रुग्णांचा सल्ला ज्या कागदांवर उभा, त्यांची दुसरी प्रत नसावी?

आणि चाचणी चोख असली, तरी ती कुणाच्या शरीरावर झाली हे उरतंच. 2004 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.