पायाखालची आग मोजणारी पीएचडी

‘तू नेमकं करतेस काय?’ हा प्रश्न पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाच्या पाचवीला पुजलेला. ज्वालामुखी आणि भूऔष्णिक ऊर्जेच्या भूभौतिकीत संशोधन करणाऱ्यांचं उत्तर मात्र एकदम भारी असतं : जमिनीखाली दोन-चार किलोमीटरवर काय शिजतंय, ते न खणता शोधायचं!

ऐकायला मस्त, करायला महाकठीण. आइसलँडमधलं क्राफ्ला हे त्याचं उत्तम उदाहरण. १९७५ ते १९८४ या काळात इथे वारंवार उद्रेक झाले. इथल्या गरम वाफेवर वीजकेंद्रही चालतं. २००९ मध्ये चार किलोमीटरहून खोल विहीर खणायचं ठरलं, पण साधारण २.१ किलोमीटरवरच ड्रिल अडकलं आणि वर आले काचेचे तुकडे. ड्रिल थेट मॅग्मात घुसलं होतं! वर्षानुवर्षं अभ्यासलेल्या या भागात इतक्या वर मॅग्मा असेल, हे आधीच्या सर्वेक्षणांत दिसलंच नव्हतं. पुढे त्या विहिरीतून सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ आली. तिच्यातून ३६ मेगावॉटपर्यंत वीज मिळू शकेल, असा अंदाज निघाला. पण इतक्या तापमानापुढे उपकरणं टिकेनात आणि २०१२ मध्ये विहीर बंद करावी लागली.

मग मॅग्मा हुकतो कसा? या क्षेत्रातली एक लाडकी पद्धत म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक्स. पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातले बदल जमिनीवर मोजायचे आणि त्यावरून खालचा थर वीज किती वाहून नेतो ते काढायचं. मॅग्मा आणि गरम खारं पाणी वीज चांगली वाहून नेतात. घोळ असा, की काही प्रकारची चिकणमातीही तेच करते. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन-तीन अर्थ निघतात. मग भूकंपलहरी, गुरुत्वाकर्षण आणि उपग्रहांवरून दिसणारा जमिनीचा फुगवटा यांच्याशी ताळा करत बसायचं. पीएचडीची बरीच वर्षं अशीच जातात : काही आठवडे डोंगरात, बाकी महिने कोडिंगमध्ये.

या आकडेमोडीवर माणसांचे जीव अवलंबून असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाखाली मॅग्मा सरकतोय, हे भूकंपांच्या आणि जीपीएसच्या नोंदींवरून कळलं. १० नोव्हेंबरच्या रात्री सुमारे ३,८०० लोकांचं गाव रिकामं करण्यात आलं. १८ डिसेंबरला गावाजवळ जमीन फाटून लाव्हा बाहेर आला, तेव्हा गावकरी घरात नव्हते.

आता प्रश्न येणारच : आपल्या वज्रेश्वरीच्या किंवा राजापूरच्या गरम पाण्याखालीही ज्वालामुखी आहे का? नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झालाय. कोकणात पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापतं आणि वर येतं. भारतात या विषयासाठी खरी मोठी जागा आहे लडाखची पुगा खोरं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण केलंय, तर २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पासाठी करार केला. जिवंत ज्वालामुखीच हवा असेल, तर अंदमानातलं बॅरन बेट आहे.

वाटतंय करून बघावं? बीएस्सीला फिजिक्स, गणित किंवा जिऑलॉजी, मग जिओफिजिक्समध्ये एमएस्सी आणि त्यानंतर नेट किंवा गेट, हा नेहमीचा रस्ता. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. हैदराबाद लांब वाटत असेल तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहेच. युरोपात अनेक ठिकाणी पीएचडी ही चक्क पगारी नोकरी असते, त्यामुळे विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि हो, पायथॉन आत्ताच शिकायला घ्या. ज्वालामुखीवर पोहोचायच्या आधी त्याच्याशीच गाठ पडणार आहे!