बाळाची झोप : बाटलीतून नव्हे, सवयीतून

दिवसभर शहाण्यासारखे पडून असणारे तान्हे बाळ रात्रीचे दहा वाजले की किरकिर का करू लागते, हा प्रश्न नवा नाही. भिंगारमध्ये माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या अनेक आया ताप-खोकल्याचे सांगून झाले की उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, याला झोपेचं काही देता येईल का?" असे विचारणारी आई निष्काळजी नसते. रात्रीतून चार-पाच वेळा उठून, सकाळी पुन्हा पाणी भरणे, डबे, स्वयंपाक हे सारे तिलाच पाहायचे असते. ती थकलेली असते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत नाही, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

बाळगोळीचा धडा

कोकणातून व घाटावरून मुंबईला गेलेल्या गिरणी कामगार स्त्रिया एकेकाळी तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. मूल पाळी संपेपर्यंत गुंगीत पडून राही. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे या गोळ्यांविषयी साक्षी झाल्या. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालातही या प्रथेची नोंद झाली आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत, असे आयोगाने सुचविले. अफूने मूल गप्प होते, पण त्याची भूक मरते, ते वाळत जाते आणि मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच मंदावतो.

बाळगोळी गेली, तिचे नातेवाईक मात्र घराघरांत आहेत. कोणी जायफळ जास्त उगाळून घुटीत घालते, कोणी खसखस वाटून देते, तर कोणी मोठ्या भावंडाचे उरलेले सर्दीचे औषध चमचाभर पाजते. सर्दीच्या अनेक औषधांनी गुंगी येते, हे खरे. पण ती झोप नव्हे. सर्दीवरच्या एका प्रचलित मिश्र औषधावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापण्याचा आदेश २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा संचालनालयाने पुन्हा बजावले.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, घुटीही नको. मध तर वर्षभर चाटवूच नये. मधातील जंतूंच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

बाळ मध्येच का उठते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, तर चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास झोप लागते. दुपारच्या डुलक्याही यातच मोजायच्या. पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र यांतला फरक कळत नाही. त्या काळात शिस्तीचा आग्रह धरू नये, मागेल तेव्हा पाजावे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मात्र सवय लावायला सुरुवात करता येते.

मोठ्या माणसाच्या झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो, बाळाचा तासाभराचाही नसतो. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी बाळ अर्धवट जागे होते आणि झोपताना जे होते तेच शोधते. खांद्यावर थोपटत झोपवले असेल तर खांदा, झोळीत झोपवले असेल तर झोका. ते सापडले नाही की रडते. म्हणून बाळ पेंगुळले की, पूर्ण झोपण्याआधीच, अंथरुणावर ठेवावे. पहिले काही दिवस ते कुरकुरेल. शेजारी बसून हलक्या हाताने थोपटावे.

घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा

'स्लीप' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात महिने ते तीन वर्षे वयाची मुले असणाऱ्या ४०५ मातांनी त्यात भाग घेतला. त्यातील काही मातांना दोन आठवडे रोज रात्री एकच क्रम पाळण्यास सांगितले होते : आंघोळ, मालिश, मग शांतपणे जवळ घेणे आणि दिवा बंद. त्यांची मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि मातांचे मनही हलके झाले. या अभ्यासाला बाळांसाठी साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचे साहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. पण क्रम पाळायला महागडे तेल लागत नाही. आपल्या घरातल्या वस्तूंत तो असा बसवता येईल :

१) दिवेलागणीनंतर खेळणे, उडवणे, गुदगुल्या हळूहळू कमी कराव्यात.

२) कोमट पाण्याने आंघोळ घालावी. थंडीत ओल्या कोमट फडक्याने अंग पुसले तरी चालते.

३) हात-पाय, पाठ यांना हलक्या हाताने खोबरेल चोळावे. नाका-कानांत तेल घालू नये. शेगडीची धुरी देऊ नये, धुराने बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो.

४) सैल सुती कपडे घालून, दिवा मंद करून पाजावे.

५) रोज एकच अंगाई म्हणावी. आवाज गोड नसला तरी चालेल, बाळाला आईचा आवाज हवा असतो. आजी किंवा वडिलांनी म्हटली तरी उत्तम.

हे सारे अर्ध्या-पाऊण तासात होते. आठ वाजता सुरू झाले काय किंवा साडेआठला, क्रम बदलू नये. रात्री पाजायला उठावे लागले तर मोठा दिवा लावू नये आणि बाळाशी गप्पा मारू नयेत.

साऱ्या घराचे काम

खरी अडचण इथेच येते. दोन खोल्यांचे घर, मोठ्या आवाजात टीव्ही, हातात मोबाईल. त्यातच नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी करून बाप घरी येतो आणि प्रेमाने झोपलेले बाळ उचलतो. त्या उचलण्याने आईची मध्यरात्र जाते. त्याने बाळाची सकाळची आंघोळ आपल्याकडे घ्यावी. लेकराचा सहवासही मिळेल आणि आईला तासभर पडता येईल. लष्करातील नोकरीमुळे नवरा दूर असलेल्या अनेक तरुण आया कॅन्टोन्मेंट परिसरात एकट्या मूल सांभाळतात. त्यांच्यासाठी शेजारणीने संध्याकाळी अर्धा तास बाळ घेतले तरी मोठा आधार होतो.

झोपवताना ही काळजी घ्यावी

बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे. १९९० नंतर इंग्लंड-अमेरिकेत ही शिकवण घरोघर पोहोचली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. गादी सपाट व घट्ट असावी. मोहरीची उशी, जाड गोधडी, बाहुल्या बाळाजवळ नकोत. झोळीत मान पुढे झुकून श्वास अडू शकतो, म्हणून बाळ झोळीत असताना लक्ष ठेवावे आणि झोप लागताच सपाट जागी ठेवावे. कुशीत घेऊन झोपण्याची आपली रीत आहे, पण ज्याने दारू घेतली आहे किंवा जो विडी-सिगारेट ओढतो, त्याने बाळाशेजारी झोपू नये.

बाळ सतत रडते, दूध ओढत नाही, वजन वाढत नाही, ताप आहे, झोपेत घोरते किंवा श्वास थांबल्यासारखा वाटतो, असे असेल तर सवयीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन आठवडे मन लावून क्रम पाळूनही फरक पडला नाही किंवा आईलाच सारखे रडू येत असेल, तरीही दाखवावे. त्या वेळी बाळाइतकीच आईचीही तपासणी गरजेची असते.